मधुमेहात पायाला मुंग्या आणि बधिरपणा: घरी, दवाखान्यात आणि रस्त्यावर काय काय करायचं

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी अण्णा, म्हणजे माझे वडील, पुण्यातल्या सारसबागेतल्या गणपतीचं दर्शन घेऊन टिळक रस्त्यानं चालत घरी आले. आईनं दार उघडलं आणि म्हणाली, "अहो, दुसरी चप्पल कुठंय?" अण्णांनी खाली पाहिलं. उजव्या पायात चप्पल, डावा पाय उघडा. तळव्याला बारीक खडी रुतलेली आणि अंगठ्याखाली खरचटून रक्त आलेलं. चप्पल कुठं निसटली याचा त्यांना पत्ताच नव्हता. दुखत होतं का, तर तेही नाही.

अण्णांचा मधुमेह तेव्हा सोळा वर्षांचा होता. त्याआधीची तीन-चार वर्षं ते रोज रात्री पायाला मुंग्या येतात म्हणून कुरकुरत. पांघरुणाचा स्पर्शही नको व्हायचा. मग हळूहळू मुंग्या कमी झाल्या, आणि आम्ही घरातले सगळे खूश. कुठल्याशा गोळीनं गुण आला असं मीच दोघा-तिघांना सांगितलं होतं. चप्पल हरवली त्या दिवशी उलगडा झाला. मुंग्या, आग, टोचणं ही दुखावलेल्या मज्जातंतूची ओरड असते. तो पुरता निकामी झाला की ओरडही थांबते. म्हणून साखर वर्षानुवर्षं वरखाली असताना मुंग्या आपोआप थांबल्या, तर पेढे वाटण्याआधी पाय तपासा.

कमरेपासून पायाच्या बोटापर्यंत जाणारे मज्जातंतू शरीरात सगळ्यांत लांब असतात. वाढलेल्या साखरेनं ते स्वतः खराब होतात, शिवाय त्यांना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्याही. सगळ्यांत लांबचं टोक आधी कोरडं पडतं, जसं कालव्याच्या शेवटच्या शेताला पाणी पोचत नाही तसं. त्यामुळे सुरुवात दोन्ही पायांच्या बोटांपासून होते आणि बधिरपणा मोजा चढवल्यासारखा वर सरकतो. तो गुडघ्याच्या आसपास पोचेपर्यंत बहुधा हाताची बोटंही बोलायला लागतात.

आधी एक आठवडा वही

डॉक्टरकडे जाण्याआधी सात दिवस लिहून काढा. कुठे होतं, एका पायाला की दोन्हींना, दिवसा की रात्री, आणि नेमकं कसं वाटतं. 'मुंग्या येतात' एवढ्यानं डॉक्टरांना फारसं कळत नाही. मिरची लागल्यासारखी आग, सुया टोचणं, मध्येच करंट बसल्यासारखी कळ, कापसावर चालल्यासारखं वाटणं, पायाखाली वाळू आहे असा भास, फरशी गार की गरम ते न कळणं, हे सगळं वेगवेगळं आहे. जसं वाटतं तशाच शब्दांत लिहा. सोबत घेत असलेल्या सगळ्या औषधांची यादी हवी. आम्लपित्ताची रोजची गोळी आणि शेजाऱ्यांनी दिलेला काढासुद्धा त्यात आला पाहिजे.

वही लिहिताना एक लक्षात येईल: प्रत्येक मुंगी मधुमेहाची नसते. कमरेतून निघून एकाच पायात मांडीमागून खाली जाणारी कळ बहुधा मणक्याची असते. हाताचा अंगठा, तर्जनी, मधलं बोट रात्री बधिर होतं आणि हात झटकल्यावर बरं वाटतं, तर मनगटात नस दाबली जात असते. मधुमेह असलेल्यांना हे जास्त होतं, पण उपाय वेगळा आहे. चालताना पोटरी भरून येते आणि थांबल्यावर सुटते, तेव्हा पायाचा रक्तपुरवठा तपासायचा. त्वचेवर फिकट किंवा लालसर चट्टा आहे आणि तेवढाच भाग बधिर आहे, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यायला लाजू नका. औषधानं तो पूर्ण बरा होतो. ओठांभोवती मुंग्या, घाम आणि हातांची थरथर एकदम आली, तर आधी साखर मोजा, ती खाली गेलेली असू शकते.

आणि यातलं एक वहीत लिहीत बसायचं नाही. अचानक एका बाजूचा हात-पाय बधिर झाला किंवा लुळा पडला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर १०८ ला फोन करायचा. सकाळपर्यंत वाट बघायची नाही.

घरची बोट-परीक्षा

याला पैसे लागत नाहीत आणि दोन मिनिटं पुरतात. अण्णांना पलंगावर आडवं करून मोजे काढायला लावते आणि डोळे मिटायला सांगते. "अण्णा, मी बोटाला हात लावला की डावा की उजवा ते सांगायचं." मग माझ्या तर्जनीच्या टोकानं त्यांच्या पायाच्या बोटाच्या टोकाला अगदी हलकं, एक-दोन सेकंद शिवायचं. दाबायचं नाही, टोचायचं नाही, गुदगुल्या नाहीत, आणि कळलं नाही म्हणून पुन्हा शिवायचं नाही. क्रम असा: उजव्या पायाचा अंगठा, उजवी करंगळी, डावा अंगठा, डावी करंगळी, मग उजवं मधलं बोट आणि शेवटी डावं मधलं बोट.

सहापैकी दोन किंवा अधिक बोटांना स्पर्श कळला नाही, तर संवेदना कमी झाली आहे असं धरून डॉक्टर गाठायचे. पहिल्यांदा केलं तेव्हा अण्णा पाच वेळा गप्प होते. मी सहाव्या बोटावरून हात काढून बाजूला बसले, तरी ते डोळे मिटून म्हणाले, "अगं, सुरू कर ना."

दवाखान्यात काय करून घ्यायचं

टाइप २ मधुमेह असेल तर निदान झाल्यापासूनच दरवर्षी पायांची तपासणी व्हायला हवी, कारण साखर बरीच वर्षं गुपचूप वाढलेली असू शकते. टाइप १ मध्ये ती पाच वर्षांनी सुरू करतात. तपासणी साधी आहे. नायलॉनचा एक तंतू तळव्याला लावतात. तो १० ग्रॅम दाबाला वाकतो. तो वाकेपर्यंत दाबूनही कळलं नाही, तर चप्पल चावली, खडा टोचला, हेही कळणार नाही. १२८ हर्ट्झचा चिमटा (ट्यूनिंग फोर्क, म्हणजे वाजवल्यावर थरथरणारा धातूचा दुहेरी काटा) वाजवून अंगठ्याच्या हाडावर टेकवतात आणि थरथर जाणवते का विचारतात. घोट्यामागे हातोडी मारून पाहतात. पायाच्या दोन नाड्या बोटांनी चाचपतात. काही ठिकाणी कंपन मोजणारं यंत्र असतं आणि ते व्होल्टमध्ये आकडा देतं. २५ च्या वर आकडा गेला की जखमेचा धोका बराच वाढलेला असतो. अण्णांचा ३८ होता. यंत्र नसलं तरी अडत नाही, तंतू आणि चिमटा पुरतो. नसांची करंट देऊन केली जाणारी महागडी तपासणी नेहमीच्या, दोन्ही पायांच्या तक्रारीत सहसा लागत नाही. तक्रार एकाच बाजूची असेल, भराभर वाढत असेल किंवा पायातली ताकदच जात असेल, तर मात्र ती कामाची.

रक्ताच्या तपासण्यांत एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर, टक्क्यांत), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), थायरॉइड आणि बी१२ जीवनसत्त्व असावं. या बी१२ वर थोडं थांबते, कारण पुण्यात त्याचं वेगळं महत्त्व आहे. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे शहर आणि आसपासच्या खेड्यांतल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं होतं. २००६ साली छापलेल्या त्या अभ्यासात ६७ टक्के पुरुषांमध्ये बी१२ कमी निघालं, आणि शहरी मध्यमवर्गात तर ते प्रमाण खेड्यापेक्षाही जास्त होतं. हे जीवनसत्त्व मांस, मासे, अंडी आणि दुधातून मिळतं; भाजी-भाकरीत ते नसतं. आता यात मेटफॉर्मिन मिळवा. मधुमेहाची ही सगळ्यांत जास्त घेतली जाणारी गोळी, आणि ती वर्षानुवर्षं घेतली की बी१२ शोषलं जाणं कमी होतं. वर सकाळी उठल्याउठल्या पँटोप्राझोल घ्यायची सवय असेल, तर तीही लांबच्या काळात तेच करते. शाकाहारी माणूस, दहा वर्षं मेटफॉर्मिन आणि रोजची पित्ताची गोळी, असा माणूस प्रत्येक वाड्यात आणि सोसायटीत सापडेल. बी१२ कमी पडल्यावर येणाऱ्या मुंग्या हुबेहूब मधुमेहाच्या मुंग्यांसारख्या असतात, आणि कमतरता लवकर भरून काढली तर त्या बऱ्याच अंशी परतवता येतात.

म्हणून एक क्रम पाळा: आधी रक्त द्या, मग इंजेक्शन घ्या. अण्णांना एका दवाखान्यात तपासणी न करताच बी१२ ची इंजेक्शनं सुरू केली होती. नंतर रक्त तपासलं तर आकडा आभाळाला. मुळात कमी होतं की नव्हतं, ते आता कधीच कळायचं नाही. आकडा २०० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर कमतरता. २०० ते ३०० च्या मध्ये असून मुंग्या येत असतील, तर पुढची तपासणी किंवा उपचार डॉक्टरांना विचारा. हे वाचून मेटफॉर्मिन बंद करू नका. बी१२ भरून काढता येतं.

साखर: हळू उतरवा

बहुतेकांसाठी एचबीए१सी ७ च्या आत असावं असं सांगतात. वयस्कर, एकटे राहणारे, साखर वरचेवर खाली जाणारे यांच्यासाठी डॉक्टर थोडं सैल धरतात. नियंत्रणानं नसांचं पुढचं नुकसान मंदावतं. टाइप १ मध्ये हा फायदा फार स्पष्ट दिसतो, टाइप २ मध्ये कमी, पण मिळतो. दारू आणि तंबाखू दोन्ही नसांच्या मुळावर येतात, त्यावर जास्त लिहायला नको.

एक गोष्ट कमी लोकांना माहीत असते. वर्षानुवर्षं ११-१२ असलेलं एचबीए१सी तीन महिन्यांत धाडकन दोन अंकांपेक्षा जास्त खाली आणलं, तर काहींच्या पायांची आग उलट भडकते. माणूस घाबरून औषधच सोडून देतो, "इन्सुलिन मानवलं नाही" म्हणतो. औषध सोडायचं नाही, डॉक्टरांना सांगायचं. हे दुखणं बहुतेकांचं काही महिन्यांत ओसरतं.

दुखण्याच्या गोळ्या

प्रीगाबालिन, गाबापेंटिन, ड्युलोक्सेटिन, अमिट्रिप्टिलिन ही नावं चिठ्ठीवर दिसतील. या गोळ्या आग, टोचणं, रात्रीची तगमग कमी करतात. गेलेली संवेदना त्या परत आणत नाहीत, तेव्हा 'गोळ्या घेऊनही पाय बधिरच' अशी तक्रार करून उपयोग नाही. दुखणं पूर्ण जाईल असंही धरू नका. निम्म्यावर आलं आणि रात्री झोप लागली तर औषध चाललं समजा. डोस थोडा थोडा वाढवतात, म्हणून चार दिवसांत निकाल लावू नका.

प्रीगाबालिननं गुंगी येते, घोट्याला सूज येऊ शकते. अमिट्रिप्टिलिननं तोंड कोरडं पडतं आणि प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांना लघवी अडकू शकते. अण्णा पहिल्या आठवड्यात रात्री उठताना पलंगाच्या कडेला धडपडले. तेव्हापासून संडासाच्या वाटेवर शून्य नंबरचा दिवा रात्रभर जळतो. यातली कुठलीही गोळी स्वतःच्या मनानं एकदम बंद करायची नाही. पांघरुणाचा स्पर्शच नको होत असेल तर पायाशी दोन बाजूंना दोन लोड उभे करून त्यावरून चादर टाका, चादर अंगाला लागत नाही.

आता काशाची वाटी. तळपायाला तूप किंवा तेल लावून वाटीनं घासणं आमच्या आजीपासून चालत आलंय, आणि आता त्याची विजेवर फिरणारी यंत्रंही गल्लोगल्ली आली आहेत. तळवे काळे होतात ते 'उष्णता बाहेर आली' म्हणून नव्हे. काशातलं तांबं तेलाशी आणि घामाशी झिजून काळं पडतं. संवेदना शाबूत असेल, कातडी अखंड असेल, तर हातानं हलकं चोळायला हरकत दिसत नाही, झोप बरी लागते. पाय बधिर असेल तर यंत्रावर पाय ठेवू नका. कातडी सोलवटली तरी तुम्हाला कळणार नाही.

संध्याकाळची पाच मिनिटं

आमच्याकडे ही आईची वेळ आहे. सातच्या बातम्या लागल्या की अण्णांचा पाय तिच्या मांडीवर आणि तिच्या हातात टॉर्च. आधी वरचा भाग, मग तळवा, टाच, आणि प्रत्येक दोन बोटांमधली फट. फोड, भेग, लाली, ओलसर पांढरी कातडी, नखाच्या कडेची सूज, कुरूप, घट्टा शोधायचा. एकटं राहणाऱ्यांनी जमिनीवर आरसा ठेवून त्यावर तळवा धरायचा, किंवा मोबाइलनं फोटो काढून मोठा करून बघायचा. हाताची पाठ दोन्ही पायांवरून फिरवा. एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागला तर ती खूण आहे. पाय लाल, सुजलेला, गरम आहे, जखम नाही आणि फारसं दुखतही नाही, असं दिसलं तर त्या पायावर भार देणं थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आतली हाडं खचत असू शकतात, आणि असा माणूस चालत राहिला की पायाचा आकारच बदलतो.

धुताना कोमट पाणी. पायानं अंदाज घ्यायचा नाही, कोपर बुडवून बघायचं. गिझरचं पाणी बादलीत सोडून आधी पाय घालायची सवय डिसेंबरात हमखास घात करते. भाजतं आणि कळत नाही, सकाळी फोड दिसतो. गरम पाण्याची पिशवी, विटेचा शेक, हीटरसमोर पाय, शेकोटी, सगळं बाद. पाय गार पडत असतील तर सैल सुती मोजे. धुतल्यावर बोटांच्या फटी कोरड्या करायच्या, टाचेला खोबरेल किंवा व्हॅसलिन लावायचं, पण फटींमध्ये नाही, तिथं ओल राहून बुरशी धरते. नखं सरळ रेषेत कापायची, कोपरे कोरायचे नाहीत. नीट दिसत नसेल तर दुसऱ्यानं कापावीत. कुरुपावर औषधाची पट्टी लावायची नाही, त्यातलं आम्ल चांगली कातडीही खातं. ब्लेड तर नकोच. जोडवी रुतत असतील तर काही दिवस डब्यात ठेवा.

पायात काय घालायचं

घरातही अनवाणी नाही. मऊ एमसीआर (बारीक छिद्रांच्या, स्पंजासारख्या) रबराचा तळ आणि मागे पट्टा असलेली सँडल उत्तम. मागचा पट्टा नसेल तर चप्पल निसटते, हे आम्हाला टिळक रस्त्यावर कळलं. कोल्हापुरीवर अण्णांचा फार जीव, पण कडक चामडं आणि अंगठ्याची पट्टी बधिर पायासाठी वाईट. लग्नापुरती तासभर चालेल असं मीही म्हणायचे, मग बंदच केलं.

खरेदी संध्याकाळी करा, दिवसभरात पाय थोडा सुजतो. घरी कागदावर उभं राहून पायाची रेघ काढा, कागद कापून दुकानात न्या आणि चपलेत ठेवून बघा. दुमडला तर चप्पल अरुंद. सगळ्यांत लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. 'वापरून सैल होईल' हा दुकानदाराचा सल्ला ऐकू नका. नवी चप्पल पहिल्या दिवशी अर्धा तास घालून पाय बघायचा, मग वेळ वाढवत न्यायचा. बुटात पाय घालण्याआधी तो उलटा करून झटकायचा आणि आत हात फिरवायचा. अण्णांच्या बुटात एकदा नातवाचा लेगोचा ठोकळा निघाला. मोजे फिक्या रंगाचे घ्या, रक्त-पू लगेच दिसतो.

देवळाचं काय, हा पुण्यात खरा प्रश्न. पर्वतीच्या १०३ पायऱ्या आणि वरचं दगडी अंगण एप्रिलच्या दुपारी तव्यासारखं तापतं. दर्शन सकाळी आठच्या आत घ्या आणि जाड मोजे पिशवीत ठेवा. मोजे घातले म्हणून कुठल्या देवानं अण्णांना परत पाठवलेलं नाही. आषाढी वारीच्या पालख्या पुण्यात येतात तेव्हा चार पावलं अनवाणी चालायची हौस अनेकांना असते. बधिर पायानं ती टाळा. आणि स्कूटरवर मागे बसताना पाय सायलेन्सरला टेकतोय का ते डोळ्यांनी बघा. चारचाकी चालवणाऱ्यांनी स्वतःला विचारावं की ब्रेकवर पाय किती दाबलाय ते कळतं का. अण्णांनी गाडीची किल्ली त्याच वर्षी माझ्याकडे दिली. तीन दिवस बोलत नव्हते.

जखम दिसली तर

स्वच्छ पाण्यानं धुवा, निर्जंतुक गॉज ठेवा, सैल पट्टी बांधा, त्या पायावर चालणं थांबवा आणि २४ तासांत दाखवा. दुखत नाही म्हणून थांबू नका, न दुखणं हीच तर तक्रार आहे. फोड सुईनं फोडायचा नाही. हळद, चुना, टूथपेस्ट, कुणाकडचा लेप, काही नाही. भोवती लाली पसरतेय, पू किंवा वास येतोय, ताप आलाय, बोट काळं-निळं पडतंय, साखर अचानक चढलीय, यातलं एक जरी असलं तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालयात. खर्चाची अडचण असेल तर पुणे स्टेशनजवळचं ससून हे सरकारी रुग्णालय आहे, पण अडचणीच्या नावाखाली तीन दिवस घालवू नका.

पुन्हा कधी दाखवायचं

संवेदना ठीक आणि नाड्या ठीक असतील तर वर्षातून एकदा. संवेदना गेली असेल तर सहा महिन्यांनी, शिवाय रक्तपुरवठा कमी किंवा बोटं वाकडी असतील तर तीन महिन्यांनी, आणि पूर्वी जखम होऊन गेली असेल तर दर एक ते तीन महिन्यांनी. उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येणं, जेवणानंतर पोट तासन्‌तास भरलेलं राहणं, लघवी पूर्ण न होणं, हेही त्याच भेटीत सांगा, पोटातल्या आणि हृदयाच्या नसांनाही हाच आजार होतो.

गर्दीच्या दवाखान्यात डॉक्टर रिपोर्ट बघतात, गोळ्या लिहितात आणि पुढचा नंबर पुकारला जातो. पाय मोज्यातच राहतात. म्हणून आत जाण्याआधी बाहेरच्या बाकावर बसून अण्णा दोन्ही मोजे काढतात आणि पिशवीत ठेवतात. खुर्चीत बसले की उघडे पाय समोर करतात, आणि मग डॉक्टर खाली वाकतात.